दुधाचे ॲप, चलनाची फाइल आणि बंद केलेले प्ले प्रोटेक्ट

सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध सोसायटीची सचिव आहे. साठेक सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) आम्ही पावतीवर लिहून द्यायचो. ती पावती पावसात भिजायची, नाहीतर गोठ्यातच राहायची आणि बिलाच्या दिवशी वाद व्हायचा. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने गेल्या वर्षी सोसायटीसाठी एक छोटे ॲप करून दिले. दूध मोजले की सभासदाला मोबाइलवर आकडे दिसतात. पोराने एक पैसा घेतला नाही की जाहिरात टाकली नाही. ॲपची फाइल आम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, सभासद ती उघडून इन्स्टॉल करतात.

गेले काही महिने मात्र नव्या फोनवर ते चढतच नाही. ‘तुमच्या डिव्हाइसच्या सुरक्षिततेसाठी ॲप ब्लॉक केले’ असे येते आणि खाली फक्त ‘ओके’. एकाच्या सॅमसंगवर ‘ऑटो ब्लॉकर’ आडवा आला. शेवटी भाच्याने एक सूचना लिहून दिली : प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्ले प्रोटेक्ट (फोनवरची ॲप तपासणारी गूगलची सुरक्षा सोय) बंद करा, व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी द्या, मग फाइल उघडा. मी ती ग्रुपवर टाकली. बहुतेकांनी तसे केले.

चवथीच्या आधी त्याच ग्रुपवर एका सभासदाच्या नंबरवरून ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आली. आमच्या एका वयस्क सभासदांनी ती उघडली. रात्रीत त्यांच्या खात्यातले दुधाचे पैसे गेले. त्यांचा मुलगा म्हणतो, सोसायटीने प्ले प्रोटेक्ट बंद करायला लावले म्हणून हे झाले. भाचा म्हणतो, दोष चोराचा. आणि मोबाइल आपला असताना त्यात काय टाकायचे हे गूगलने का ठरवावे? पुढे तर बाहेरून ॲप टाकणे कायमचेच बंद होणार, असेही तो म्हणतो. मला दोघांचेही पटते. आम्ही ॲप बंद करावे का? ती सूचना देण्यात आमची चूक झाली का?

— एक सचिव, सत्तरी

*

ताई,

ॲप बंद करू नका. सूचना मात्र चुकीची होती आणि ती आजच मागे घ्या. तुम्ही ती चांगल्या हेतूने टाकली हे उघड आहे, पण साठेक घरांपैकी बहुतेकांच्या फोनवरचे संरक्षण आज त्या एका मेसेजमुळे बंद पडून आहे आणि चलनाची फाइल पाठवणारे काही एकदाच येऊन थांबत नाहीत.

आधी पैसे गेलेल्या त्या सभासदांचे बघू, कारण तिथे वेळेला किंमत आहे. तक्रार झाली की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही. झाली नसेल तर आज, आत्ता १९३० या क्रमांकावर फोन करायचा. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात ते अजून पडून असतील तर तिथेच गोठवता येतात, म्हणून तासातासाला फरक पडतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते आणि गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे. सत्तरीतून रायबंदर म्हाताऱ्या माणसाला लांब पडते, तेव्हा सोसायटीतल्या कोणीतरी सोबत जावे. बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्व असे, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे काम बँकेचे. शाखेत ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ असे कोणी बोलून वाटेला लावू लागले, तर हे तत्त्व त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी ओटीपी कोणालाच सांगितला नसेल. तो फोनमधून परस्पर उचलला गेला असेल.

त्यांचा फोन अजून चालू असेल तर त्यावर बँकेचे काहीही उघडू नका. या फाइली बहुधा दोन पायऱ्यांच्या असतात. पहिले ॲप चलनाचे चित्र दाखवून ‘अपडेट करा’ म्हणते आणि त्या अपडेटच्या नावाखाली दुसरे ॲप आत बसवते, ज्याचे चिन्ह पडद्यावर दिसतही नाही. त्यामुळे दिसणारे ॲप काढून टाकले म्हणजे सुटलो, असे होत नाही. फोटो, नंबर बाजूला काढून फोन पूर्ण रीसेट करणे हाच खात्रीचा उपाय. तोवर नेट बंद, सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये. त्या सिमवरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते पाहा. वळवलेले असतील तर ##००२# ने सगळे रद्द होतात. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही असेल तर काढा.

आणि ज्या सभासदाच्या नंबरवरून फाइल आली, त्याला ग्रुपवर कोणी बोल लावू नये. त्याच्या हातून ती गेलेली नसणार. त्याच्याही फोनमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये कोणीतरी शिरले आहे आणि त्याच्या नावाने फाइल पुढे ढकलते आहे. तोही यातला बळीच आहे, आणि त्याचा फोनही तसाच तपासायला हवा.

आता तुमचे ॲप का अडले ते सांगते. भाच्याला वाटते गूगलला आपले छोटे ॲप खुपते. तसे नाही, कारण अगदी नेमके आहे.

पूर्वी अँड्रॉइडमध्ये ‘अज्ञात स्रोत’ नावाचे एकच बटण असे. ते एकदा चालू केले की कुठूनही आलेले काहीही फोनवर चढे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. म्हणजे क्रोमला दिली तरी व्हॉट्सॲपला मिळत नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये आणखी एक आडकाठी आली. बाहेरून टाकलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी सहजासहजी देता येईना. ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय मुळात दृष्टिहीनांसाठी, हात चालत नसलेल्यांसाठी आहे. ती मिळालेले ॲप पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. चोराला याहून जास्त काय हवे?

त्यानंतरची पायरी तुमच्या सभासदांना आडवी आली. गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात प्ले प्रोटेक्टची एक कडक तपासणी प्रायोगिक म्हणून जाहीर केली. त्याआधी त्याच वर्षी ती सिंगापूरमध्ये सुरू झाली होती. ब्राउझर, व्हॉट्सॲपसारखी मेसेजची ॲप किंवा फाइल मॅनेजर यांतून आलेली फाइल इन्स्टॉल होऊ लागली, की ती कोणकोणत्या परवानग्या मागते ते पाहिले जाते. येणारा एसएमएस पकडणे, आलेले एसएमएस वाचणे, नोटिफिकेशन वाचणे आणि ॲक्सेसिबिलिटी, या चारांतली एकही यादीत असली तर इन्स्टॉल तिथेच थांबते. ‘तरीही पुढे जा’ असा पर्यायच मिळत नाही. तुम्हाला फक्त ‘ओके’ दिसला तो म्हणूनच.

भाच्याला विचारा, ॲपमध्ये लॉगिनला ओटीपी आहे का आणि तो आपोआप भरला जातो का? माझा अंदाज, त्याने त्यासाठी एसएमएस वाचायची परवानगी मागितली आहे. हेतू चांगलाच असणार; सभासदाला सहा आकडे टाइप करायला नकोत एवढाच. पण यंत्राला हेतू दिसत नाही, यादी दिसते. आणि त्या यादीत तुमचे दुधाचे ॲप आणि ती चलनाची फाइल यांत फरक नाही. दोघांनाही सभासदाचे एसएमएस वाचायचे आहेत.

त्यावरचा उपाय एका संध्याकाळचा आहे. ही परवानगी काढून टाकायची. ओटीपी आपोआप भरायचाच असेल तर गूगलची ‘एसएमएस रिट्रीव्हर’ ही सोय आहे. तिच्यात मेसेजच्या शेवटी ॲपची एक खूण असते आणि ॲपला फक्त तो एक मेसेज मिळतो, बाकीचे एसएमएस दिसत नाहीत, परवानगीही मागावी लागत नाही. किंवा त्याहून सोपे म्हणजे सभासद क्रमांक आणि चार आकडी पिन. दूध किती घातले हे पाहायला ओटीपी कशाला लागतो, हेच मला कळत नाही. ॲपने मागावे ते कामापुरते, एवढा नियम भाच्याने आताच अंगी बाणवला तर उद्या कुठल्याही कंपनीत गेला तरी त्याच्या कामी येईल.

आता सूचना का चुकली ते. एखाद्याने स्वतःच्या फोनवर, काय करतो आहे ते समजून, प्ले प्रोटेक्ट थोडा वेळ बंद केले तर तो त्याचा अधिकार आहे. तुम्ही केले ते वेगळे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांना तुम्ही तीन गोष्टी एकदम शिकवल्या. ग्रुपवर आलेली फाइल उघडायची असते. फोन ‘धोका’ म्हणाला तरी मनावर घ्यायचे नसते. आणि बटण एकदा बंद केले की परत चालू करायची गरज नसते. तुमच्या सूचनेत ‘काम झाले की पुन्हा चालू करा’ ही ओळ नव्हती, निदान तुम्ही पाठवलेल्या मजकुरात तरी नाही. चलनाची फाइल आली तेव्हा त्या सभासदांनी सोसायटीने शिकवले तेच केले. त्यांचा मुलगा रागावला आहे, त्याच्या रागाला आधार आहे.

चोरही फोन करून हेच सांगतात, ‘अमुक बटण बंद करा, परवानगी द्या म्हणा.’ इतके नेमाने सांगतात, की अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करू पाहिले तर फोनने ते होऊ द्यायचे नाही, अशी तरतूद गूगलला २०२५ मध्ये आणावी लागली. सोसायटीची सूचना आणि चोराची सूचना शब्दाला शब्द जुळत असेल, तर सभासदाने दोघांत फरक कसा करायचा?

‘पण फाइल आमच्याच ग्रुपवर आली होती, ओळखीच्या नंबरवरून,’ असे सगळे सभासद म्हणत असतील. ताई, तुमच्याकडे वीस-वीस वर्षे दूध घालणारा माणूस असेल, तरी त्याचा कॅन फॅट बघितल्याशिवाय तुम्ही ओतून घेत नाही आणि त्याला कोणी अपमान समजत नाही. फाइलीचेही तेच. पाठवणारा कोण यावर काहीच ठरत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि सूचना चुकली म्हणून तो प्रश्न चुकत नाही. फोन मी विकत घेतला. त्यात काय चालवायचे हे अमेरिकेतल्या कंपनीने का ठरवावे?

आयफोनवाल्यांना भारतात हा अधिकार कधीच नव्हता. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून मिळेल तेच घ्यायचे. युरोपीय संघाने कायदा केला तेव्हा मार्च २०२४ पासून तिथे दुसऱ्या दुकानांना वाट मिळाली, आपल्याकडे नाही. अँड्रॉइडवर मात्र ही मोकळीक पहिल्यापासून होती आणि तिचा चांगला उपयोग झाला. एफ-ड्रॉइड नावाचा ॲपचा साठा २०१० पासून चालतो. त्यातली सगळी ॲप मुक्त, त्यांचा कोड कोणीही उघडून वाचावा असा. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेले इंडस ॲपस्टोअर बारा भारतीय भाषांत आहे. गूगलच्या दुकानाबाहेर काहीच असता कामा नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हे डोळ्यांपुढे ठेवावे.

आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा बाहेरून ॲप देण्याच्या वाटेत अडथळे आणू नका असाही निर्देश दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा निर्देश आणि आणखी काही निर्देश रद्द केले. म्हणजे तुमच्या भाच्याला पडलेला प्रश्न दिल्लीत मोठमोठ्या वकिलांनीही लढवला आहे.

अधिकृत दुकानात आहे म्हणून ॲप सज्जन, असेही समजू नका. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या वर्षभरात गूगलने प्ले स्टोअरमधून २,२०० हून अधिक फसवी कर्ज-ॲप काढली, ही माहिती सरकारने संसदेत दिली होती. ती ॲप लोकांनी व्हॉट्सॲपवरच्या फाइलीतून घेतली नव्हती, दुकानातूनच घेतली होती. लोकांचे फोटो, नंबर उचलून त्यांना छळणारी ती ॲप तिथे राजरोस मांडलेली होती.

तरीही बाहेरचा धोका जास्त आहे, हे मी मान्य करते. गूगल म्हणते, इंटरनेटवरून परस्पर टाकल्या जाणाऱ्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत पन्नास पटीहून अधिक घातक ॲप आढळली. आकडा त्यांचा, दुकानही त्यांचे. एवढे लक्षात ठेवून तो घ्यावा. पण तुमच्या ग्रुपवर जे घडले त्याकडे पाहिले तर दिशा खोटी आहे असे मला म्हणवत नाही.

‘पुढे कायमचे बंद होणार’ हे भाच्याने कुठून ऐकले तेही मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की गूगलच्या सेवा असलेल्या प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप चढवायचे तर ते बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे पटवून ॲप नोंदवलेले असले पाहिजे. मग ते ॲप दुकानातून येवो की बाहेरून. वेळापत्रक असे दिले, की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. यावर बराच गदारोळ झाला. एफ-ड्रॉइडने तर हे झाले तर आमचा प्रकल्पच संपेल असे म्हटले, कारण शेकडो लोकांनी लिहिलेली ॲप तिथे आहेत आणि त्यांतले अनेक जण आपले ओळखपत्र एका कंपनीच्या हवाली करायला तयार होणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगल थोडे नमले. जाणकारांना धोका पत्करून नोंदणी नसलेले ॲप टाकता येईल अशी वेगळी वाट ठेवू, आणि विद्यार्थी व हौशी मंडळींना मोजक्या फोनपुरते ॲप देता येईल असे कमी अटींचे खाते देऊ, असे सांगितले. संगणकाला वायर लावून ॲप टाकण्याची वाट तर आधीपासूनच मोकळी ठेवली होती. म्हणजे ‘कायमचे बंद’ हे बरोबर नाही. ‘गूगलला नाव सांगितल्याशिवाय सामान्य माणसाला सहज देता येणार नाही’, हे बरोबर.

माझे मत विचाराल तर ॲप बनवणाऱ्याने नाव सांगावे यात गैर काही नाही. नाव सांगायचे ते फक्त एका कंपनीला, आणि ते मान्य करायचे की नाही हेही तिनेच ठरवायचे, याला माझी हरकत आहे. चोर खोटे कागद जमवतो, खोटी खाती उघडतो. फर्मागुडीच्या पोराला मात्र रांगेत उभे राहावे लागते. या विषयावर भाच्याने जरूर लिहावे, बोलावे, तक्रारी कराव्यात. फक्त ही लढाई सोसायटीच्या म्हाताऱ्या सभासदांच्या फोनवरून लढू नये. त्यांच्या फोनमध्ये त्यांचे दुधाचे पैसे आहेत.

तर मग ॲपचे करायचे काय? माझी पहिली पसंती अशी, की ॲपच नको, एक साधे वेबपान करा. सभासदाने ते क्रोममध्ये उघडायचे आणि मेनूतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ म्हणायचे. पडद्यावर सोसायटीचे चिन्ह येते, दाबले की आकडे दिसतात, फाइल नाही, परवानगी नाही, प्ले प्रोटेक्टशी संबंध नाही. आयफोनवरही चालते. सत्तरीत रेंज कुठे असते कुठे नसते, हे मला माहीत आहे. पण शेवटचे आकडे फोनवर जपून ठेवणारे वेबपान करता येते, भाच्याला ‘पीडब्ल्यूए’ म्हणा, तो समजेल. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि बिल एवढेच दाखवायचे आहे. त्याला पूर्ण ॲपची गरज नाही.

ॲपच हवे असा आग्रह असेल तर प्ले स्टोअरची वाट धरा. नोंदणीला एकदाच पंचवीस डॉलर लागतात, ते सोसायटीने भरावेत. पोराच्या खिशातून नकोत. वैयक्तिक नव्या खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुले करण्याआधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते, ते बारा सभासद तुमच्याकडे आहेतच. शिवाय ‘इंटर्नल टेस्टिंग’ नावाची सोय आहे, तिच्यात शंभर जणांपर्यंत प्ले स्टोअरमधूनच ॲप देता येते, सगळ्या जगाला न दाखवता. साठ सभासदांच्या सोसायटीला ती पुरून उरते. फक्त प्रत्येकाचा जीमेल पत्ता गोळा करावा लागेल, आणि निम्म्या लोकांना तो आठवणार नाही. हे काम तुमच्यावरच येईल, त्याची तयारी ठेवा.

यातच एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती जास्त काळजीची वाटते. भाचा उद्या शिक्षण संपवून पुण्याला नाहीतर बेंगळूरूला जाईल. अँड्रॉइड ॲपला बनवणाऱ्याची एक डिजिटल सही असते. नवी आवृत्ती जुन्यावर चढायची तर सही तीच लागते. त्या सहीची फाइल आज कुठे आहे? त्याच्या लॅपटॉपवर असेल आणि लॅपटॉप बिघडला, तर एकही दुरुस्ती जुन्या ॲपवर चढवता येणार नाही. साठही जणांना जुने काढून नवे टाकावे लागेल. वेबपान केले तरी सर्व्हर कोणाच्या नावावर, पासवर्ड कोणाकडे, हा प्रश्न तोच. सहीची फाइल, पासवर्ड, कोड सगळे एका पेनड्राइव्हवर घेऊन सोसायटीच्या कपाटात हिशेबाच्या वह्यांबरोबर ठेवा आणि संचालक मंडळाच्या इतिवृत्तात त्याची नोंद करा. शक्यतो खाते सोसायटीच्या ईमेलवर काढा. संस्थेच्या नावाने प्ले स्टोअरचे खाते काढायचे तर डी-यू-एन-एस नावाचा क्रमांक मिळवावा लागतो, त्याला वेळ जातो. म्हणूनही वेबपान बरे.

ग्रुपवर टाकायचा मजकूर मी लिहून देते, हवा तसा बदला :

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ॲपसाठी प्ले प्रोटेक्ट बंद करण्याची सोसायटीची आधीची सूचना चुकीची होती, ती रद्द करण्यात येत आहे. उद्यापासून दूध घालायला येताना मोबाइल सोबत आणावा. केंद्रावर प्रत्येकाचा फोन तपासून प्ले प्रोटेक्ट पुन्हा चालू करून दिले जाईल. यापुढे सोसायटी या ग्रुपवर कधीही ॲपची फाइल पाठवणार नाही. सोसायटीच्या, पंचायतीच्या, बँकेच्या, आरटीओच्या, वीज खात्याच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने, ओळखीच्या नंबरवरून जरी अशी फाइल आली, तरी ती उघडू नये. आधी सचिवांना फोन करावा. चुकून उघडली असेल तर लपवू नये, लगेच नेट बंद करून १९३० वर कळवावे.’

‘लपवू नये’ हे काढू नका. माणसे लाजेने गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे लांब जातात.

तपासायचे काय, तेही सांगते. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे फोटोवर दाबले की प्ले प्रोटेक्ट सापडते. त्याच्या सेटिंगमधले स्कॅनचे बटण चालू करायचे आणि लगेच एकदा स्कॅन करायचे. मग फोनच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधून व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर यांची परवानगी काढायची. सॅमसंग असेल तर ऑटो ब्लॉकर परत चालू. शेवटी ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘डाउनलोड केलेली ॲप्स’ असे असते, तिथे अनोळखी काही चालू दिसले तर तो फोन बाजूला काढून त्या माणसाच्या बँकेला आधी कळवायचे. एका फोनला पाच मिनिटे लागतील. दिवसातून दोनदा सगळे तुमच्या दारात येतात, ही सोय शहरातल्या कुठल्याही संस्थेला नाही. दोन-तीन दिवसांत साठही फोन हातावेगळे होतील. भाच्याला या कामाला बसवा. सूचना त्याने लिहिली होती, तेव्हा ती बटणे त्यानेच परत चालू करून द्यावीत. सभासदांनाही त्याचा राग राहणार नाही.

ज्या सभासदांचे पैसे गेले त्यांचा विषय संचालक मंडळापुढे तुम्ही स्वतः न्या. कायद्याने सोसायटी भरपाईला बांधील आहे की नाही, हा वाद त्या बैठकीत घालू नका. पुढच्या बिलातून काही रक्कम आगाऊ देता येईल का, कल्याण निधी असेल तर त्यातून काही निघते का, एवढे पाहा आणि ते ठरले की त्यांच्या घरी जाऊन सांगा. मुलगा घरी असेल तेव्हा जा.